पोरगा अ‍ॅनिमे बघून वर्गातल्या मुलीला चिडवतोय, बंद करू का?

पत्र असं आहे:

"नमस्कार ताई, आम्ही नाशिकला असतो. मुलगा सातवीत आहे, धाकटी तिसरीत. मुलाला अ‍ॅनिमेचं, म्हणजे जपानी कार्टूनचं, वेड आहे आणि गेले काही महिने तो ताकागी-सान नावाची एक सिरीज परत परत बघतोय. त्यात एक मुलगी शेजारच्या बेंचवरच्या मुलाला सारखी चिडवत असते. आधी मी दुर्लक्ष केलं. मग ह्याने ते शाळेत करायला सुरुवात केली. शेजारच्या रांगेत एक मुलगी बसते, दोघं एकाच रिक्षाने जातात, तिच्या खोडरबरावर 'मागे बघ' असं लिहून ठेवलं, तीही हसली म्हणे. पण मागच्या आठवड्यात ऑफ पिरियडला ह्याने तिच्या कंपासपेटीत कागदाची स्प्रिंग करून ठेवली, तिने पेटी उघडली, ती जोरात किंचाळली आणि सगळा वर्ग हसला. आता मुलं तिला 'किंचाळी' म्हणतात. तिने जागा बदलून घेतली, रिक्षातही बोलत नाही, आणि बाईंनी मला बोलावून घेतलं. ह्यांचं म्हणणं नेट बंद करा. सासूबाई म्हणतात आत्तापासून असले चाळे. मुलगा म्हणतो 'मी काय वाईट केलं, ताकागीपण हेच करते' आणि रडतो. त्याला ती मुलगी आवडते का हे विचारू का? सिरीज बंद करू का? आणि धाकटीपण शेजारी बसून बघते, तिला बघू देऊ का?"

अहो, आधी एक सांगून टाकते म्हणजे माझं मत कुठून येतंय ते कळेल, मी ही सिरीज सगळी बघितलीये, तिन्ही सीझन आणि २०२२ चा पिक्चरसुद्धा, आणि मला ती प्रचंड आवडते. त्यामुळे थोडी बाजू घेणार, धरून चाला. पण तुमच्या मुलाची बाजू मात्र सगळीच्या सगळी नाही घेणार.

ह्यांना आणि सासूबाईंना हे नेमकं काय प्रकरण आहे ते आधी सांगा, कारण मोबाइलवर येता-जाता दिसणाऱ्या चित्रावरून काहीही वाटू शकतं. सोइचिरो यामामोतो नावाच्या चित्रकाराची ही मूळ मंगा, म्हणजे जपानी कॉमिक, २०१३ ते २०२३ अशी दहा वर्षं चालली, वीस खंड झाले, २०२१ मध्ये तिला शोगाकुकान ह्या प्रकाशनाचा मंगा पुरस्कार मिळाला जो तिकडे मोठा मानतात. अ‍ॅनिमे आलं २०१८ ला, मग २०१९ ला दुसरा सीझन, २०२२ ला तिसरा. आणि ते ज्या स्टुडिओने बनवलंय ना, शिन-एइ अ‍ॅनिमेशन, तोच स्टुडिओ डोरेमॉन आणि शिनचॅन करतो. म्हणजे जेवताना पोरांसमोर जे लावून आपण वरण-भात भरवला त्याच घरातलं हे भावंड आहे. तसं बघायला गेलं तर शिनचॅन ह्याच्या कितीतरी पट वात्रट, त्याच्यावर तर आपल्याकडे २००८ ला बंदीसुद्धा आली होती.

गोष्ट काय, तर मिडल स्कूलच्या पहिल्या वर्षातली दोन मुलं, म्हणजे आपल्या सातवीतलीच म्हणा, निशिकाता हा मुलगा आणि ताकागी ही मुलगी, शेजारी शेजारी बसतात. ती त्याला रोज काहीतरी करून गंडवते, तो रोज ठरवतो की आज मी हिला गंडवणार, आणि रोज तोंडावर पडतो. बस. एवढंच. प्रेम म्हणाल तर निशिकाताने आपणहून तिचा हात धरायलाच दुसरा सीझन संपायला येतो, तेही जत्रेच्या गर्दीत ती हरवल्यावर. सासूबाई संध्याकाळी ज्या मालिका बघतात त्यात ह्याच्या हजारपट चाळे असतात, हे आपलं आपल्यात.

आता मुलाच्या त्या वाक्याकडे येते, 'ताकागीपण हेच करते'. कारण त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असलं की मोठ्या माणसांना उत्तर देता येत नाही, मग ती नेट बंद करतात.

पहिल्याच भागात खोडरबराची गोष्ट आहे, तुमच्या चिरंजीवाने उचलली ती तिथूनच. तिकडच्या मुलांमध्ये एक समजूत असते की आवडत्या माणसाचं नाव खोडरबरावर लिहायचं आणि कोणाला न कळता ते संपेपर्यंत वापरायचं, म्हणजे इच्छा पूर्ण होते. ताकागी निशिकाताला सहज सांगते की मी लिहिलंय एक नाव, आणि वर्गातून निघून जाते. खोडरबर तिथेच. आता ह्याचा जीव वरखाली. बघू की नको. बघणं चुकीचं आहे. पण आपल्याला हिला चिडवायची संधी मिळेल. शेवटी तो कागदी कव्हर सरकवून बघतो तर नावबिव काही नाही, कॉरिडॉरकडे बघायला सांगितलेलं, आणि मान वळवतो तर ही बाहेर उभी, हसतेय. तिला आधीपासून माहिती होतं की तो बघणार.

हे सगळं मिळून काही मिनिटांचं काम आहे पण ह्या काही मिनिटांत आपण कुठे बसलेले असतो ते बघा. निशिकाताच्या डोक्यात. त्याच्या मनातलं एकूणएक वाक्य आपल्याला ऐकू येतं, तो घाबरला, तो लाजला, तो खुश झाला, उद्या बघून घेतो म्हणाला, सगळं. ताकागीच्या मनातलं मात्र जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, तिचं फक्त हसणं दिसतं. म्हणजे ही सिरीज जो चिडवला जातो त्याच्या बाजूने सांगितलेली आहे, आणि म्हणूनच ती आपल्याला त्रासदायक वाटत नाही, कारण भागाच्या शेवटी आपल्याला पक्कं ठाऊक असतं की ह्या पोराला हे हवंय. त्याने स्वतःवरच नियम घातलाय, तिने एकदा चिडवलं की दहा पुशअप्स, आणि तो घरी जाऊन खरंच मारतो. ज्याला शाळा नकोशी झालीये तो असलं काही करत बसत नाही.

तुमच्या मुलाने ही सिरीज निशिकाताच्या डोक्यात बसून बघितली आणि शाळेत जाऊन झाला ताकागी. आणि वर्गात काय झालं, तर त्या मुलीच्या मनातलं बोलून दाखवणारा आवाज काही तिथे नव्हता. ती पहिल्यांदा हसली हे त्याने बरोबर बघितलं, दुसऱ्यांदा ती हसतेय का हे बघितलंच नाही, कारण तोपर्यंत तो वर्गाकडे बघत होता. मला खात्री आहे. स्प्रिंग उडाली तेव्हा ह्याचं लक्ष तिच्या चेहऱ्यावर नसणार, बाकीचे किती हसतायत ह्याच्यावर असणार.

हा फरक त्याला समजावून सांगा, कारण तो खरंच समजण्यासारखा आहे आणि सातवीतल्या मुलाला नक्की समजतो. ताकागीचं बहुतेक सगळं चिडवणं दोघांतच चालतं. शाळेतून घरी जाताना, देवळाच्या पायऱ्यांवर, पावसात आडोशाला उभं असताना, आणि वर्गात असली तरी कुजबुजत. कोणाला ऐकवायला नाही. वर्गात तो दचकून ओरडतो आणि तानाबे सर त्याला झापतात असं पुष्कळदा होतं, पण त्यानंतर ती काही मागे वळून बाकीच्यांना म्हणत नाही की बघा बघा कसा घाबरला. पोरं त्याला त्यावरून नाव पाडत नाहीत. ती त्याला दुसऱ्या कोणाच्या हाती देतच नाही. तुमच्या लेकाने ती मुलगी वर्गाच्या हाती दिली, आणि त्यानंतर त्या चिडवण्यावर त्याचाही ताबा राहिला नाही. 'किंचाळी' हे नाव त्याने नसेल पाडलं कदाचित, पण दार त्यानेच उघडलं.

दुसरं म्हणजे ती काय काय बोलत नाही ते बघायला सांगा. त्याचे मार्क, दिसणं, घरची परिस्थिती, कशाकशावरून ती त्याला चिडवत नाही. चिडवते ती फक्त एका गोष्टीवरून, की तू लाजतोस. आणि पैजा लावते त्याही बारक्या, हरलास तर ज्यूस पाज वगैरे. आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते वेगळंच आहे, मधूनच निशिकाता काहीतरी भाबडेपणाने खरं बोलून जातो, त्याला पत्ताच नसतो आपण काय बोललो, आणि ताकागीच लाल होते. म्हणजे त्या भागात तो जिंकलेला असतो आणि त्याला कळलेलंच नसतं. एकाच बाजूने मार असता तर तीन सीझन कोणी बघितलं नसतं, मी तरी नसतं बघितलं.

बरं, इथे एक गोष्ट सिरीजच्या विरुद्धही बोलायला हवी, फॅन असले तरी. ह्यात मुलगी मुलाला चिडवते म्हणून आपण एवढे निवांत हसतो. उलट करून बघा. मुलगा हुशार, सगळं आधीच ओळखणारा, आणि मुलगी रोज गंडणारी, रोज लाजणारी, तो तिच्या घरच्या वाटेवर रोज बरोबर. मलाही पाच मिनिटांत अस्वस्थ वाटेल. मुलाला हे अन्यायाचं वाटेल, 'मग तिने केलं तर चालतं का', तर सांगायचं की बाबा, गोष्टीत लेखकाने दोघांनाही आतून ओळखून लिहिलंय, खऱ्या वर्गात मुलींना रस्त्यात, बसमध्ये, वर्गात मुलांचं पुष्कळ काय काय ऐकून घ्यावं लागतं आणि त्यातलं सगळंच मस्करीतलं नसतं, त्यामुळे तुझी मस्करी कुठली आणि दुसऱ्याचा त्रास कुठला हे तिने कसं ओळखायचं. तिने ओळखत बसावं अशी अपेक्षाच का ठेवायची.

आणि ती जागासुद्धा लक्षात घ्या. ही गोष्ट जिथे घडते ते म्हणजे शोदोशिमा, सेतोच्या आतल्या समुद्रातलं एक बेट, कागावा प्रांतात, ताकामात्सुहून फेरीने जातात. यामामोतो तिथल्याच तोनोशो गावचे. ऑलिव्हच्या बागा, सोया सॉसचे जुने कारखाने, ओहोटीला समुद्रातून वाळूची वाट वर येते आणि माणसं चालत पलीकडच्या छोट्या बेटांवर जातात, असं ते गाव, आणि अ‍ॅनिमेतले रस्ते, पूल, बंदर बऱ्यापैकी तिथलेच काढलेत. शाळा सुटली की दोघं चालत, सायकलने, रमतगमत घरी. मोबाइल आहे पण नावाला. तुमच्याकडे शाळा सुटली की रिक्षात सहा-सात पोरं कोंबलेली, आणि घरी पोचेपर्यंत वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'किंचाळी' आलेलं असतं, कोणीतरी स्टिकरपण बनवलेला असतो. तिथली खोडी तिथेच जिरते. इथली फिरत राहते. ग्रुप एकदा बघून घ्या, मुलाच्या मोबाइलमध्ये चोरून नाही, त्याला शेजारी बसवून.

आता कामाचं.

माफी मागायला लावा, पण वर्गासमोर नाही. बाईंना तसं सुचलं तर हात जोडून नको म्हणा. वर्गासमोर माफी म्हणजे परत तोच तमाशा, परत सगळे तिच्याकडे बघणार. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून तिच्या दारात उभं राहायचं, हेही नको. रिक्षाच्या आधी किंवा नंतर, दोन वाक्यं, "मी सगळ्यांसमोर केलं ते चुकलं. परत नाही करणार." एवढंच बोलायचं. "पण मला वाटलं तुला आवडेल" हे शेपूट लावायचं नाही, आणि चॉकलेट, कार्ड, खोडरबरावर 'सॉरी' असली कलाकारी तर अजिबात नाही. त्याला हा मोह होणार बघा. सिरीज एवढी बघितलेल्या पोराच्या डोक्यात पहिली आयडिया हीच येणार की आता मस्त काहीतरी सरप्राइज देऊन तिला हसवू. थांबवा.

त्यानंतरचं काम अवघड आहे आणि ते त्याचंच आहे. वर्गात कोणी 'किंचाळी' म्हणालं की ह्याने म्हणायचं, "बस झालं रे." एकदा नाही, प्रत्येक वेळी. भांडण नाही, मारामारी नाही, फक्त हसायचं नाही आणि बस म्हणायचं. पोरं मग ह्यालाच चिडवणार, 'ओहो हिरो, वहिनीला बोललेलं लागलं का' वगैरे. हे होणार हे त्याला आधीच सांगून ठेवा म्हणजे तो गडबडणार नाही. दोन-चार दिवस खाईल बोलणी. खाऊ दे. त्यात कसं वाटतं हेही कळेल की.

तिने जागा बदलली आहे तर ती परत येईल अशी वाट बघायची नाही, तिला विचारायचंही नाही. बोलली तर बोलली. नाही बोलली तर रिक्षात गप्प बसून जायचं, ह्यात काही मोठी शिक्षा नाहीये.

तिच्या आईला फोन तुम्ही करा, आज नाही तर उद्या. तिच्या आईची बाजू ऐकून घ्या आणि दोन वाक्यं तोंडातून जाऊ देऊ नका. एक, "मुलं आहेत हो, चालायचंच." आणि दुसरं त्याहून वाईट, "अहो त्याला ती आवडते ना, म्हणून करतो." हे दुसरं आपल्याकडे इतकं सर्रास बोललं जातं की त्यात काही चुकतंय असं वाटतच नाही. पण त्या मुलीच्या बाजूने ऐकून बघा. तिला त्रास झाला, नाव पडलं, तिने उठून जागा बदलली, आणि वर मोठी माणसं सांगतायत की हा प्रेमाचा प्रकार आहे, खुश हो. बारा वर्षांच्या पोरीला हे शिकवायचं नसतं. तुमच्या धाकटीला उद्या कोणी असं सांगितलं तर तुम्हाला चालेल का?

आता आवडते का हे विचारू का, तर माझं उत्तर सरळ आहे, नका विचारू. आवडत असेल तर तो सांगणार नाही आणि नसेल तर चिडेल. आणि मुळात तुम्हाला ह्या प्रश्नाच्या उत्तराने काय करायचंय? आवडत असली तरी माफी मागायची, नसली तरी माफी मागायची. बाराव्या-तेराव्या वर्षी कोणीतरी आवडणं ही काही साथ नाहीये की निदान करून औषध चालू करायचंय. निशिकातालासुद्धा किती भाग कळत नाही स्वतःचं. तो चोरून एक रोमँटिक सिरीज बघतो, लाजतो, रडतोसुद्धा तिच्यासाठी, आणि शेजारी बसलेल्या मुलीचं काय चाललंय ते त्याला समजत नाही. ह्या वयाचं हे चित्र मला इतकं बरोबर वाटतं.

ह्याच्यावरून घरातला विषय काढते, राग मानू नका. तुमच्याकडे असं होतं की नाही मला माहीत नाही पण आपल्याकडे बहुतेक घरांत होतं. पोरगा चार वर्षांचा असतो, बालवाडीत एखाद्या मुलीशेजारी बसतो, की काका, मामा, आत्या सगळे सुरू, 'काय रे, नवरी कोण तुझी, ती का दोन वेण्यांची?' तो लाजतो, सगळे टाळ्या देऊन हसतात, आणि त्याला परत परत सगळ्यांपुढे उभं करून तेच विचारतात, पाहुणे आले की परत. मग तोच पोरगा बारा वर्षांचा झाला, कोणाशी बोलायला लागला, की अचानक 'चाळे'. म्हणजे चारचौघांत कोणालातरी उभं करायचं, लाजवायचं आणि बाकीच्यांनी हसायचं, हे शिकायला त्याला जपानी अ‍ॅनिमेची काही गरज नव्हती. मला तर उलट वाटतं, सिरीजमधलं शांतपणे, दोघांतच चिडवणं त्याच्याकडून नीट जमलं होतं, खोडरबराच्या वेळी. बिघडलं ते आपल्या पद्धतीने केल्यावर. सासूबाईंना हे असंच्या असं सांगू नका. पण पुढच्या वेळी घरात कोणी 'काय मग, ती रिक्षावाली मैत्रीण काय म्हणते' असं सुरू केलं तर तुम्ही विषय बदला, मुलासमोर बदला, त्याला दिसू दे.

सिरीज बंद करायची का? नाही. आत्ता बंद केलीत तर त्याच्या डोक्यात बसेल की चूक सिरीजची होती, आणि तो सुटला. शिवाय बंद वगैरे काही होत नाही हो, मित्राच्या घरी बघेल. त्यापेक्षा दोन-तीन भाग त्याच्याबरोबर बसून बघा. लेक्चर देऊ नका मध्ये मध्ये, प्लीज, नाहीतर तो परत तुमच्याबरोबर काहीच बघणार नाही. एकच करा, एखाद्या भागानंतर विचारा, "आत्ता निशिकाताला मजा आली की त्रास झाला, आणि तुला कसं कळलं?" तो म्हणेल तो स्वतःच म्हणाला ना मनात. मग तुम्ही विचारा, "आणि मनातलं ऐकू आलं नसतं तर?" आणि गप्प बसा. जाऊ दे त्याला पाणी प्यायला.

दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग आणि तिसऱ्याचा शेवटचा भाग मात्र आवर्जून बघा त्याच्याबरोबर. दुसऱ्याचा तो जत्रेचा. तिसऱ्याचा १४ मार्चचा, तिकडे १४ फेब्रुवारीला मुली मुलांना चॉकलेट देतात आणि महिन्याने मुलं परतफेड करतात, त्या दिवसाचा. ह्या दोन्ही भागांत निशिकाता हार-जीत, डावपेच सगळं बाजूला ठेवतो आणि सरळ तिच्यासाठी धावत सुटतो, आणि मला वाटतं इतके सगळे भाग चिडवण्यात घालवले ते इथे येण्यासाठीच. तुमच्या लेकाने खोड्या पाठ केल्यात, हे भाग पाठ केलेले दिसत नाहीत.

त्याने अजून एक काहीतरी बघितलं किंवा वाचलं असणार, तेही माहीत असू द्या. ह्याच मंगाचं एक दुसरं पुस्तक आहे, मिफुमी इनाबा ह्यांनी काढलेलं, त्यात ताकागी आणि निशिकाता मोठे झालेत, लग्न झालंय, ची नावाची गोड मुलगी आहे. आता बारा वर्षांच्या डोक्यात ह्याचा हिशोब काय लागतो, तर चिडवत राहा, शेवटी लग्न होतं. गोष्टीत शेवट आधीच ठरलाय म्हणून सुरुवातीची प्रत्येक खोडी गोड दिसते. वर्गात कुठलाही शेवट ठरलेला नसतो. हे त्याला एकदा हसत हसत सांगून टाका, गंभीर तोंड करून नको.

आणि खरं लक्ष कुठे ठेवायचं ते सांगते. ही सिरीज बघितली की अ‍ॅप त्याला 'अजून अशाच' म्हणून दुसऱ्या सिरीज दाखवणार. त्यात नागातोरो नावाची एक हमखास येते, २०२१ ला तिचं अ‍ॅनिमे आलं, तिच्यातही मुलगी मुलाला चिडवते, पण तिथे सुरुवातच अशी आहे की ती त्याला रडवते, मैत्रिणींना घेऊन त्याची खिल्ली उडवते, आणि अंगचटीचे विनोदही बरेच आहेत. पुढे ती सिरीज बदलते, त्या दोघांचं नातं बरंच वेगळं होतं, मोठ्या मुलांना त्यात बघण्यासारखं काही सापडेलही, पण सातवीला नाही, आणि ह्या प्रकरणानंतर तर नाहीच नाही. चित्रं बघून तुम्हाला दोन्ही सारख्याच वाटतील, शाळेचा युनिफॉर्म, हसणारी मुलगी, लाल झालेला मुलगा. म्हणून नाव सांगितलं.

बाईंना परत भेटाल तेव्हा एवढं सांगा की घरी बोलणं झालंय, माफी तो आपणहून एकटा मागेल, त्या मुलीला जागा बदलून हवी होती ती तशीच राहू द्या, आणि वर्गात ते नाव कोणी घेतलं तर तुम्हीही थांबवा. बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या वर्गात असली नावं वर्षानुवर्षं चिकटतात, दहावीच्या निरोप समारंभापर्यंत जातात, त्यामुळे ह्या कामात एकट्या तुमच्या मुलाच्या 'बस झालं'वर सगळं सोडू नका.

राहता राहिली धाकटी. बघू दे. तिसरीतल्या मुलीला त्यात वाईट काही सापडणार नाही, आणि खरं सांगू, जपानीत बोलतात आणि खाली इंग्रजी अक्षरं पळतात, तिला दहा मिनिटांत कंटाळा येऊन ती उठून जाईल, डोरेमॉन लावून द्या.